मिस्टर थिओ, फोन आला का?

डॉमिनोच्या सोंगट्या जरा बाजूला सारा रे. आणि ती रम इकडे द्या. नाही, अख्खी बाटली नको... बरं, राहू दे इथंच.

काय म्हणालास कर्विन? रम संपली की माझ्या गोष्टीतलं भूतही घरी जातं? हस, हस. तुझा बापही असाच हसायचा, आणि मग घरी जाताना माझा हात धरून चालायचा.

मयताच्या घरी रात्र जागवायची म्हणजे काहीतरी बोलत बसावंच लागतं. गप्प बसलं की ज्याच्यासाठी जमलोय तोच फार आठवतो. उद्या थिओफिलला माती द्यायची. शाळेपासूनचा माझा दोस्त. तेव्हा आज त्याचीच गोष्ट ऐका. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यानं मला सांगितलेलं आहे. आणि थिओ कसा माणूस होता हे तुम्हाला ठाऊक आहे. आपण पकडलेला मासासुद्धा तो कधी मोठा करून सांगायचा नाही.

मोठ्या वादळानंतरचं तिसरं वर्ष. सप्टेंबरातला दुसरा गुरुवार. आपल्या बेटावर, या रोझोच्या बंदरात, सप्टेंबर म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. पर्यटकांची जहाजं नाहीत. धक्क्यावर मसाले आणि टोप्या विकणाऱ्या बायांनी टपऱ्यांवर ताडपत्र्या आवळून बांधलेल्या. गल्लीत माणसापेक्षा पाणी जास्त. आपण बसलोय ते थिओचं हे गेस्टहाउस तर अख्खं रिकामं होतं. वरच्या मजल्यावर थिओ आणि त्याचा रेडिओ, बस्स. त्या दिवशी मात्र एक पाहुणी यायची होती. तिला आणायला तो छत्री घेऊन विमानतळाच्या व्हॅन थांबतात तिथं गेला.

व्हॅनमधून सगळ्यांत शेवटी एक बाई उतरली. जाड कोट, कानशिलांवर पिकलेले केस, थकलेला चेहरा. थिओनं तिला ओळखलं नाही. ती समोर येऊन म्हणाली,

"मिस्टर थिओ, मी आले."

आवाज ऐकला मात्र, थिओच्या हातातली छत्री कलंडली. चेहरा ओळखू न येण्याइतका बदललेला, पण आवाज वर्षानुवर्षं दर रविवारी कानावर पडलेला. ती ग्लेनोरा होती. मा तितीनची लेक.

मा तितीनला तुमच्यातल्या थोरांनी पाहिलंय. या गेस्टहाउसच्या चादरी तीच धुवायची. नदीकाठी पत्र्याचं घर. ग्लेनोरा तिची एकुलती एक. नवरा पळून गेलेला, पदरात केझाया नावाची पोर. पोर नुकती पाऊल टाकायला लागली तेव्हा ग्लेनोरा न्यूयॉर्कला गेली, दुसऱ्यांची पोरं सांभाळायला. तिथं राहायचे कागद नव्हते. एकदा बाहेर पडली की परत आत घेणार नाहीत. म्हणून ती तिथं अडकली, ती अडकलीच. पैसे पाठवायची. आणि दर रविवारी फोन करायची, इथं, थिओकडे. मोबाइल म्हणजे मा तितीनला विंचवासारखा. हात लावायची नाही.

रविवारी चर्च सुटलं की आजीच्या पुढं धावत, बूट हातात घेऊन केझाया या जिन्यानं वर यायची. "मिस्टर थिओ, फोन आला का?" मग स्टुलावर बसून दोन्ही हातांनी रिसीवर कानाशी गच्च धरायची. थिओ एकदा तिला आईचा फोटो दाखवायला गेला. पोर बघेचना. म्हणाली, "फोटो बोलत नाही."

मग वादळ आलं. नदीनं त्या रात्री काठावरची घरं एकामागून एक उचलली. मा तितीन दुसऱ्या दिवशी पुलापाशी सापडली. केझाया सापडली नाही. आजतागायत नाही. कित्येक दिवस फोन बंद होते. लाईन लागली तेव्हा पहिला फोन ग्लेनोराचाच आला. "केझायाला द्या ना, मिस्टर थिओ." तिला काय झालं ते सांगायचं काम थिओवर आलं.

आता कागद हातात पडले होते, आणि ती पहिल्यांदा घरी येत होती. घर नसताना.

सामान खोलीत टाकलं आणि ती म्हणाली, "मला नदीवर न्या." थिओ म्हणाला, "अगं पोरी, पाऊस बघ." ती म्हणाली, "पावसालाच बघायचंय." दोघं गेले. तिथं आता बोरूचं रान माजलंय.

"घर कुठं होतं?"

"इथं... नाही, जरा तिकडं."

थिओलाही नीट दाखवता येईना. ती गवताला हात लावत राहिली, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तशी.

"मिस्टर थिओ, माझ्यावर गेली होती का हो ती?"

"नाक तुझंच. हसायच्या आधी डोळे मिटायची. मग हसायची."

"मला फोनवर नुसतं हसणंच ऐकू यायचं," ती म्हणाली. "आधी डोळे मिटते हे मला कुणी सांगितलंच नाही."

रात्री थिओनं खारवलेला मासा आणि उकडलेला नीरफणस पुढं ठेवला. तिनं घास उचलला आणि परत ठेवला. "तिथं मी त्या पोरांना भरवते, मिस्टर थिओ. नाटकं करतात, पळतात, तरी भरवते. माझ्या हातचं खातात हो पोरं..." उठून खोलीत गेली.

मग वीज गेली.

थिओनं मेणबत्ती लावली आणि जपमाळ घेऊन इथंच बसला. चंद्र नव्हता. पत्र्यावर पाऊस. गल्लीत पाऊस. दुसरा आवाज नाही.

नंतर जिना वाजला.

हलकी पावलं. ओली. एकेक पायरी. वर आली. गॅलरीतून दारापाशी आली. थांबली.

थिओची माळ हातात तशीच राहिली.

दाराबाहेरून आवाज आला. लहानसा. धावून दमल्यासारखा.

"मिस्टर थिओ... फोन आला का?"

थिओ मला म्हणाला, "आन्सेल्म, शपथेवर सांगतो, मला आधी भीती नाही वाटली. सवयीनं माझ्या तोंडात आलं होतं, आला गं, आला, ये. मग आठवलं. आणि मग मला उठताच येईना."

खोलीचं दार उघडलं. ग्लेनोरा बाहेर आली. अनवाणी. तिनं ऐकलं होतं. तिनं थिओकडं पाहिलं, थिओनं मान हलवली. नको. बोलू नकोस. उघडू नकोस.

ती दारापाशी गेली. गुडघ्यांवर बसली. लाकडाला तोंड लावलं.

"केझाया..."

बाहेर नुसता पाऊस.

"मम्मी?"

"हो राणी. मम्मी बोलतेय."

"तू फोनच केला नाहीस."

"लाईन... लाईन तुटली होती, बाळा."

"मी रोज विचारायला येते. मिस्टर थिओ दारच उघडत नाहीत."

थिओनं तोंडावर हात दाबला. पावसाळ्यात रात्री जिना वाजायचा. त्याला वाटायचं, लाकूड फुगलंय.

"रागावू नको त्यांच्यावर. म्हातारे झालेत, ऐकू येत नाही त्यांना. तू काय केलंस सांग."

"माझा दात पडला. पुढचा. वर फेकायचा होता, पण घराला छप्परच राहिलं नाही." दाराबाहेर पाय घासल्यासारखं झालं. "मम्मी, आजी सापडत नाहीये. माझा हात तिनं धरला होता. मग नव्हता धरलेला."

ग्लेनोरा दारावर डोकं टेकवून बसली. आवाज मात्र तसाच ठेवला तिनं, रविवारचा. हसरा.

"थंडी वाजते का गं?"

"वाजते. बोलताना नाही वाजत."

मग दोघी बोलत राहिल्या. काय काय बोलल्या, थिओनं मला सगळं नाही सांगितलं. म्हणाला, ते माझं नव्हतं. मेणबत्ती संपली, त्यानं दुसरी लावली. मध्येच पोर हसली. ग्लेनोरानं डोळे मिटून ऐकलं ते. आणि मग बाहेरून प्रश्न आला. दर रविवारी शेवटी यायचा तोच.

"मम्मी, तू कधी येणार?"

दर रविवारी ग्लेनोरा म्हणायची, नाताळला. येत्या नाताळला नक्की. आज ते तिच्या तोंडून निघेना. मध्ये बोटभर लाकूड. पलीकडं पोर, अलीकडं आई...

तिचा हात कडीकडं गेला.

थिओ उठला. "ग्लेनोरा, नको..."

तिनं दार उघडलं.

थिओनं पाहिलं. शाळेचा निळा झगा. वेण्यांमधून गळणारं पाणी. वर केलेलं तोंड. केझायाच. तशीच. तेवढीच.

ग्लेनोरानं दोन्ही हात पसरले. "बाळा, मी आले. मीच... मीच मम्मी."

पोरीनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. पांढऱ्या केसांकडं पाहिलं. पसरलेल्या हातांकडं पाहिलं.

एक पाऊल मागं गेली.

"मम्मी फोनमध्ये असते."

"अगं, मीच ती. आवाज ऐक ना माझा, केझाया..."

पण आवाज आता तो राहिला नव्हता. फाटला होता. पोर आणखी मागं सरकली. आणि ग्लेनोराच्या खांद्यावरून थिओकडं बघून, रडवेली होऊन म्हणाली,

"मिस्टर थिओ, ही बाई कोण आहे? फोन का ठेवला?"

...

मग गॅलरीत पाऊसच होता.

जिना वाजला नाही. काहीच वाजलं नाही.

रम ओत रे थोडी. नाही, मला नको. त्याच्या नावानं दाराबाहेर ओत.

ग्लेनोरा सकाळपर्यंत तशीच बसली, हात पसरून, दार सताड उघडं. उजाडल्यावर एवढंच म्हणाली, "ती मला घाबरली, मिस्टर थिओ. माझी पोर मला घाबरली."

ती परत जाणारच नव्हती. इथंच राहते म्हणाली, चादरी धुते, मा तितीनसारखी. रोज अंधार पडला की दार लावून आतून गुडघ्यांवर बसायची. हाका मारायची. गाणी म्हणायची. आवाज रविवारचा ठेवायची. ऑक्टोबर संपत आला. जिना वाजला नाही.

शेवटी थिओच म्हणाला. त्याला हे बोलायचं नव्हतं. "पोरी, तू इथं आहेस. म्हणून ती येत नाही."

ग्लेनोरानं हातातली चादर पिळून दोरीवर टाकली. तिला ते आधीच कळलं होतं, असं थिओ म्हणायचा. दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं बाकी होतं. दोन दिवसांनी तिनं बॅग भरली. व्हॅनमध्ये बसताना म्हणाली, "म्हणजे तिची आई राहायचं तर मला लांबच राहायला हवं." थिओनं दार लावून दिलं व्हॅनचं.

पहिल्याच रविवारी अंधार पडताना फोन वाजला. "मिस्टर थिओ, दार लावलंय ना?" "लावलंय." त्यानं वायर ओढत फोन दारापाशी नेला, रिसीवर लाकडाला टेकवून खुर्चीवर ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसला. तिचं झालं की परत येऊन ठेवून द्यायचा. तेव्हापासून दर रविवारी हेच. तो कधी ऐकत उभा राहिला नाही. बाहेरून कधी आवाज आला का? एकदाही नाही, म्हणायचा. मी विचारलं, मग त्या बिचारीला सांगत का नाहीस की कुणी येत नाही? तर माझा हात धरून त्यानं मला गॅलरीत नेलं.

आता तो फोन कोण धरणार, ते मला विचारू नका. मी ऐकलंय एवढंच की थिओ गेल्याचं तिला अजून कुणी कळवलेलं नाही.

पण गॅलरीत त्यानं दाखवलं ते सांगतो. समुद्राकडून पाऊस येतो तो सरळ त्या दारावर. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, काळं होतं वरपासून खालपर्यंत. फक्त एक जागा होत नाही. तळहाताएवढी जागा, गाल टेकवावा तशी, आणि तिच्या बाजूला पाच बोटांची टोकं. फिकट. कोरडी. थिओनं रंग लावून पाहिला, घासून पाहिलं. पाऊस आला की जागा परत उमटते. मी हात लावलाय, पोरांनो. भर पावसात, सगळं दार निथळत होतं. ती जागा उन्हात ठेवलेल्या लाकडासारखी कोरडी होती.

एक गोष्ट थिओच्या आधी माझ्या लक्षात आली. त्याला मी बोललो नाही.

पहिल्या वर्षी तिथं हात लावायला मी उकिडवा बसलो होतो.

नंतर एका वर्षी गुडघ्यावर हात ठेवून नुसता वाकलो.

या सप्टेंबरात मला वाकावं लागलं नाही.