डब्यावरची आठवन

तेजस्वी भांडायला निघाली आणि भलत्याच दारात शिरली, तिथूनच सगळं सुरू झालं.

हातात स्टीलचा डबा होता. भावाच्या, हरेशच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला असे दोनशे डबे घेतले होते आणि गोखिवऱ्याच्या ऑगस्टीन अंकलनी त्यांवर मशीनने नावं घालून दिली होती. नावं झकास. खाली मात्र ‘लग्नाची आठवन’! ण नाही, न. नवरी मीरा विरारच्या फ्लॅटमधली, तिच्या घरचे सगळे नोकरदार, टापटीप बोलणारे. ते काय म्हणतील या विचाराने तेजस्वीचं डोकं सकाळपासून तापलेलं. त्याच तिरमिरीत तिने सात नंबरच्या गाळ्याऐवजी आठ नंबरचं दार ढकललं आणि पाठमोऱ्या बसलेल्या मुलाला सुनावलं, "हे काय लिहून ठेवलंय? वाचता येतं की नाही?"

मुलाने कानावरचे हेडफोन उतरवले. डबा नीट वाचला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अहो, नावं शेजारी घालतात. इथे नुसते आवाज मिळतात."

तो जितेश. मूळचा कोकणातला, वडील बँकेत आणि हा मात्र या गाळ्यात बसून लोकांच्या हळदीची गाणी बनवायचा. तेजस्वी ओशाळली, पण मागे हटेल तर ती कसली! स्पीकरमधून येणारी पिपाणीसारखी सुरावट ऐकून तिने नाक मुरडलं. हाच आवाज गेल्या हंगामात प्रत्येक हळदीत होता, असं तोंडावर सांगून टाकलं.

"प्रीसेट आहे," तो म्हणाला. "कंपनीने आवाज तयार करून दिलेला असतो. बटण दाबलं की झालं."

"म्हणजे पाकिटातला मसाला."

"हो... पण हात चांगला असेल तर पाकिटातल्या मसाल्याचीही आमटी चांगली होते."

ती हसली. आता हसायला आलं त्याला काय करणार? मग शेजारी जाऊन ऑगस्टीन अंकलशी भांडायला जोरच राहिला नाही. त्यात अंकलनी हात जोडून सांगितलं, की पोरी, तुझ्या कमळीआत्याने फोनवर जसं सांगितलं तसंच घातलं. मला त्यात चूक दिसलीच नाही, आमच्या घरात पण तसंच बोलतात. शेवटी अक्षरांवर चिकटवायला दोनशे स्टिकर छापायचे ठरले. आणि तो एक डबा जितेशच्या टेबलावरच राहिला.

डबा आणायला म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि परत येताना डबा पुन्हा विसरली. खरंच विसरली की काय, ते तिचं तिलाच माहीत. मधल्या वेळात एवढं मात्र ठरलं, की हरेशच्या हळदीसाठी कमळीआत्याचं जुनं गाणं तेजस्वीने गायचं आणि जितेशने त्याला संगीत द्यायचं.

आता या गाळ्याची एक गंमत होती. शेजारी अंकलचं मशीन दिवसभर धडधडायचं. ते थांबायचं फक्त जेवणाच्या सुट्टीत, एक ते पावणेदोन. तेवढ्यात काय ते गाणं रेकॉर्ड करून घ्यायचं. नालासोपाऱ्याच्या ज्या दवाखान्यात तेजस्वी रिसेप्शनला होती, तिथली सुट्टीही तेव्हाच. रोज ती रिक्षाने यायची, मशीन सुरू झालं की उठायची. तो तिला रोज नवा प्रीसेट ऐकवायचा, ती नाक मुरडायची. तो बटणं फिरवत आवाज मऊ करायचा, लांबवायचा आणि चोरून तिच्या नाकाकडे बघायचा. कधी मान हलवून ‘हं’ म्हणाली, तर त्याचा दिवस सोन्याचा.

तिचं काय म्हणाल, तर ती पार गुंतली होती. डबा खाताना तो आपली पोळी अर्धी करून तिच्या झाकणात ठेवायचा, तेव्हा ती तो तुकडा सगळ्यात शेवटी खायची.

पाचव्या दिवशी ती मनापासून गायली. डोळे मिटून, घरच्यासारखी —

*आमच्या गो अंगनी, हळदीचं पानी...*

कॉलेजात एकदा ‘पानी’ म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून तेजस्वी बाहेर बोलताना प्रत्येक ‘न’ गिळायची, ‘ण’ मोजूनमापून टाकायची. आज पहिल्यांदाच तिला त्याचं भान राहिलं नव्हतं. गाणं संपलं. जितेश म्हणाला, "मस्त. फक्त... पाणी म्हणशील? अंगणी, पाणी. उगाच कुणी हसायला नको."

झालं! तिने पर्स उचलली. दारात मात्र थांबली.

"मला वाटलं, तू हसणाऱ्यांतला नाहीस."

मशीन सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती.

मग चार दिवस ती फिरकली नाही. घरी दोनशे स्टिकर येऊन पडले होते, तेही तिच्याने चिकटवले जाईनात. हळद तीन दिवसांवर आली. आत्या गाण्याचं विचारायची आणि ही ‘होतंय, होतंय’ म्हणून वेळ मारून न्यायची. तिला राग जितेशचा होता आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा. कारण एवढं होऊनही दुपारचा एक वाजला की नजर घड्याळाकडे जायचीच.

फोन आला तो ऑगस्टीन अंकलचा. वैतागून म्हणाले, "शेजारचा पोरगा चार दिवस तुझा डबा बडवतोय. माझ्या मशीनपेक्षा याचाच आवाज जास्त. ये आणि घेऊन जा बाई तो डबा!"

ती गेली. बरोबर एकला.

जितेशची दाढी वाढलेली. टेबलावर तोच डबा, अर्धा पाण्याने भरलेला. त्याने ‘बस’ म्हणायचं धाडसही केलं नाही, नुसती कीबोर्डची एक पट्टी दाबली. टण्ण... आणि मग डब्याच्या त्या नादामागून हळूच पाणी हलल्यासारखा आवाज आला, लांबत गेला. असा आवाज तेजस्वीने कुठल्याच हळदीत ऐकला नव्हता. तिने स्क्रीनकडे पाहिलं. प्रीसेटचं नाव लिहिलं होतं — ‘आठवन’.

न. जसाच्या तसा.

त्या आवाजावर तिचं गाणं सुरू झालं. पाचव्या दिवशीचंच, अंगनी आणि पानीसकट, एका अक्षरालाही हात न लावलेलं.

"मी तुझ्या गळ्यालाही पाकिटातला मसाला लावायला निघालो होतो," तो खाली बघत म्हणाला. "चुकलो. हे गाणं असंच चांगलं आहे. आणि तू... तू घरच्यासारखी गायलीस ना, ते माझ्यासमोर गायलीस. एवढंही मला कळलं नाही."

तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. पानी आलं म्हणा. तिने पर्समधून स्टिकरचं पाकीट काढलं आणि सरळ त्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मीराकडच्यांना विचारायचं ते विचारू देत, असं म्हणाली.

"आणखी एक केलाय," जितेश चाचरत म्हणाला. "नाव नाही अजून."

हा आवाज आणखी मऊ होता. वाजला आणि विरलाच नाही, नुसता रेंगाळत राहिला. स्क्रीनवर नावाची चौकट रिकामी लुकलुकत होती. जितेशने एक श्वास घेतला, तिच्याकडे न बघता एकेक अक्षर टाइप केलं. आ... प... ण.

आपण.

त्याचे कान लाल झाले होते. तेजस्वी कितीतरी वेळ त्या तीन अक्षरांकडे बघत राहिली. मग त्याच्या हातावरून हात नेऊन तिने शेवटचं अक्षर पुसलं आणि तिथे ‘न’ लिहिला.

"आमच्यात असं म्हनतात," ती म्हणाली.

"म्हणजे... हो?"

"आधी सेव्ह कर. जाईल नाहीतर."

त्याने सेव्ह केलं. पावणेदोन वाजले, शेजारचं मशीन धडधडायला लागलं. ती उठली नाही.