पुलावरचा चिमूटभर सोडा

हांदा गावातल्या कालव्यावरचा पूल त्या सकाळी बर्फाने निसरडा झाला होता. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीवाल्यांची मित्सुए जपून चालली होती, आणि मागून घाईघाईने येणारा व्हिनेगरवाल्यांचा तोकुजी घसरला तो थेट तिच्यावरच. दोघांच्या हातातल्या, निळ्या फडक्यातल्या सारख्याच सुरया बर्फात घरंगळल्या, एकीत साके, एकीत व्हिनेगर. दोन्ही नव्या वर्षाच्या, देवळात वाहायच्या.

"यातली माझी कुठली?" मित्सुएने विचारलं.

"वास घ्या की."

"मला सर्दी झालीय. तुम्हीच घ्या."

"आमच्या घरात जन्मलेल्याला... जगभर व्हिनेगरचाच वास येतो."

चाखायची सोय नव्हती. देवाच्या सुरईला आधी माणसाची जीभ लागलेली चालत नाही. आणि देवापुढे साके म्हणून व्हिनेगर ओतलं गेलं असतं, तर मित्सुएच्या वडिलांना वर्षभर गावात तोंड दाखवता आलं नसतं.

तोकुजी पुलापलीकडच्या वाफवलेले बन विकणाऱ्या आजीकडून चिमूटभर खायचा सोडा घेऊन आला.

"हात पुढे करा. शाळेत शिकवलंय. अल्कोहोल सोड्याकडे ढुंकूनही बघत नाही. आम्ल मात्र लगेच भांडायला उठतं."

तिच्या तळहातावर एका सुरईतले चार थेंब, वर सोडा. फस्स... बुडबुड्यांनी तिला गुदगुल्या झाल्या. त्याच्या तळहातावर दुसऱ्या सुरईतले थेंब ढिम्म बसून राहिले.

"तुमच्या हातात आमचं व्हिनेगर आहे," तो म्हणाला. हात मात्र दोघांनीही लवकर मागे घेतले नाहीत.

मग पुलावरच्या भेटी सुरू झाल्या. पुढे जाणं अशक्यच होतं. साके मुरत असताना व्हिनेगरवाल्याने भट्टीचा उंबरा ओलांडायचा नाही. त्याच्या कपड्यांवरून आंबटाचं बी आत गेलं तर पिंपच्या पिंप नासतं.

"साकेला हवा लागली की त्याचं व्हिनेगर होतंच," तोकुजी एकदा म्हणाला. "तुमच्या घरच्यांनी आमच्याकडेच यायचं असतं."

"आणि व्हिनेगरचं परत साके?"

"ते... नाही होत."

"म्हणजे माहेरी परतायची सोय नाही. विचार करून सांगते."

विचार करण्यात अख्खा हिवाळा गेला. वसंतात शेवटचं पिंप निघालं आणि तोकुजी मागणी घालायला आला. तीनदा आंघोळ करून, कोऱ्या कपड्यांत. वडील उंबऱ्यातच उभे राहिले.

"हात."

त्यांनी त्याच्या घामेजल्या तळव्यावर सोडा टाकला आणि वाकून बघत बसले. मित्सुए दारामागून डोकावली. एकही बुडबुडा उठला नाही.

"पाय पुसून या आत," वडील म्हणाले.

चहा देताना ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मला सर्दी नव्हती हं."

तोकुजीने पेल्यावरची वाफ नाकाने खोल ओढली.

"माहीत आहे. त्या दिवशी तुमच्या केसांना कॅमेलियाच्या तेलाचा वास येत होता. माझंही नाक चांगलं ठणठणीत आहे."