मगदूमांच्या घरचे विरजण

घरात बुरा नाही म्हणजे घर उपाशी, असे दिवस आले होते. एके काळी भाकरीवर बुरा चढला की ती उकिरड्यावर जायची. आता प्रत्येक स्वयंपाकघरात बुरशीची एक बरणी असे. शिजवलेल्या ज्वारी-तुरीला त्यातले विरजण लावून झाकून ठेवले, की सकाळी पांढरी, मऊ, पोटभरीची वडी तयार होई.

पण बरणीची खरी करामत पुढेच होती. जेवायला बसले की पहिला घास अर्धाच खायचा आणि उरलेला उष्टा अर्धा बरणीत टाकायचा. माणसाच्या लाळेत त्याच्या शरीराची सगळी हकिगत असते. कुणाच्या रक्तात लोह कमी असते, कुणाची हाडे ठिसूळ होत असतात. बुरशी ती हकिगत वाचून त्या घराला जे कमी पडते तेच पुढच्या वडीत तयार करी.

ही रीत पाडली सांगलीच्या डॉ. शालन मगदूम यांनी. तरुणपणी त्या गावोगाव बरण्या घेऊन हिंडल्या, तेव्हा बायकांनी नाकाला पदर लावले होते. "शिकलेली बाई, आणि उष्टं परत भांड्यात टाकायला सांगते!" आता त्याच गावांत नव्या बिऱ्हाडाला शेजारीण आपल्या बरणीतले विरजण देत असे. मागितले आणि दिले नाही, असे होत नसे.

निवृत्ती जवळ आली तशी शालनताईंनी एक साधेच काम काढले. संशोधन केंद्राच्या शीतपेटीत सुरुवातीची मूळ बुरशी जपून ठेवलेली होती. तिच्याशी त्यांनी आपल्या घरच्या बरणीतली बुरशी ताडून पाहिली. घरच्या बुरशीत एक द्रव्य जास्तीचे निघाले. ते विषारी नव्हते. ते खाल्लेले उंदीर गुटगुटीत होते, आपसांत भांडत नव्हते. फक्त पिंजऱ्याचे दार उघडे टाकले तरी ते बाहेर जात नव्हते. हाताखालच्या मुलांनी हसत त्या द्रव्याला 'निवांतीन' म्हणायला सुरुवात केली. शालनताईही हसल्या, आणि मग हसता हसता थांबल्या.

त्या दिवशी घरी येताना त्यांनी दुकानातून कारखान्याच्या विरजणाची एक पुडी घेतली. कारखाने दर खेपेला मूळ बुरशीपासूनच विरजण करीत. त्यात निवांतीन नव्हते.

घरी रेवती, त्यांची मुलगी, ओट्याशी तूर निवडत होती. दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली एक सरोवर आहे. तिथे उतरणारे यंत्र करायचे, हे तिचे शाळेपासूनचे वेड. त्यासाठी ती वसतिगृहात राहून, कारखान्याच्या विरजणाचे खाऊन इंजिनिअर झाली, आणि तिथल्या तळासाठी तिची निवडही झाली. निघण्याआधी चार दिवस आईच्या हातचे खावे म्हणून ती घरी आली होती. आता ती म्हणत होती, जावेसे वाटत नाही. तळावरच्या लोकांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते.

"रेवा, तूर राहू दे. बस जरा."

"बसलेलीच आहे की. बोल."

शालनताईंनी सगळे सांगितले. रेवतीने हात न थांबवता ऐकले.

"म्हणजे बुरशीला मी घरात हवी आहे? एवढं डोकं कुठलं तिला?"

"तिला काहीच नको असतं गं. हे बघ, ज्या घरची माणसं लांब गेली, त्या घरची बरणी सुकली. ज्या घरची टिकून राहिली, त्यांची बरणी भरलेली. मग शेजारीपाजारी विरजण कुणाचं गेलं?"

"भरलेल्या बरणीचं."

"झालं तर. माणसाला घरात रमवणारी बुरशी तेवढी पसरत गेली. कुणी ठरवून केलं नाही. आम्ही दर वर्षी तपासायचो, विष आहे का, सत्त्व किती आहे. बरणीवाल्या घरातून कुणी बाहेर का पडत नाही, हे तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही."

"तुलापण जपानला बोलावलं होतं ना? बाबा अजून चिडवतात."

"हो. पत्र आलं आणि दोन-चार दिवसांत वाटलं, कशाला जायचं? इथे काय वाईट आहे?"

"वाईट वाटतं आता?"

शालनताईंनी मनात नीट शोधून पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर सांगतेय. वाटायला हवं होतं." त्यांनी पिशवी पुढे ओढली. "पुडी आणलीय. थोडे दिवस याचं खा. आज फक्त हो कळव. तिथे नाही करमलं तर परत ये."

"पण मला इथे छान वाटतंय, आई. तिकडे जाऊन जिला सरोवर हवंसं वाटेल ती खरी मी, आणि ही तूर निवडणारी खोटी, असं का?"

यावर काहीतरी उत्तर होते. केंद्रातून निघताना ते शालनताईंना ठाऊक होते, वाटेत त्यांनी ते घोकलेही होते. आता मुलीच्या बोटांतून तुरीचे दाणे ताटात पडत होते, आणि तो आवाज त्यांना फार बरा वाटत होता.

"पुन्हा एकदा विचार कर," त्या म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

रेवतीने हात पुसले आणि फोनवर चार ओळी लिहिल्या. "बघ गं, उद्धट नाही ना वाटत?"

शालनताईंनी वाचले. नकार नम्र होता. त्यांनी शेवटी एक 'आपली नम्र' वाढवायला सांगितले.

जेवताना बाबा म्हणाले, "कळवलं का मग नाही म्हणून? चला, जपानवालीला ध्रुववालीची सोबत मिळाली." सगळे हसले. तिघांचे उष्टे घास बरणीत गेले.

पाने उचलतानाच दार वाजले. समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेली मुलगी वाटी घेऊन उभी होती. ओढणीला अजून घडीच्या रेघा होत्या.

"काकू, विरजण द्याल थोडं? तुमच्या घरचं चांगलं म्हणतात सगळे."

शालनताई आत आल्या. कारखान्याची पुडी पिशवीतून वर आलेली होती, हाताशीच. त्यांनी ती पाहिली, पिशवीत खाली सरकवली आणि बरणीचे झाकण काढले. नव्या संसाराला चांगले लागेल, म्हणून कडेचे सोडून मधले दाट पांढरे विरजण त्यांनी वाटीत काढले. वाटी भरत नाही असे वाटले, तेव्हा आणखी एक चमचा घातला.