हँडल मागे आलं

सायोकोनं किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली – 'मोटरसायकल विकणे आहे' – आणि मागून आवाज आला, "का हो, बिघडलीय का?"

तिनं वळून पाहिलं. काखेत हातभर लांब मुळा धरलेला एक उंच तरुण तिची चिठ्ठी वाचत होता. बाहेर नायोरो गावातलं नोव्हेंबरचं पहिलं बर्फ भुरभुरत होतं. त्यातलं थोडं त्याच्या भुवयांवर अजून वितळायचं होतं.

"गाडी ठणठणीत आहे. बिघडलेय मी," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये खडीवर घसरले. खांद्याचं हाड जुळलं, पण हात लांबवला की कळ येते. हँडल धरवतच नाही."

"मग तुम्ही कशाला पुढे वाकता? हँडललाच मागे बोलावू या की!"

त्याचं नाव तेप्पेई. गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. एप्रिलपर्यंत रस्ते बर्फाखालीच असणार होते, तोवर दर रविवारी त्याच्या घरामागच्या गॅरेजमध्ये काम करायचं ठरलं. चिठ्ठी त्यानंच काढून खिशात टाकली.

पहिल्या रविवारी त्यानं तिला गाडीवर बसवलं. "डोळे मिटा. हात आपसूक जातील तिथे जाऊ द्या."

तिनं डोळे मिटले. रॉकेलचा स्टोव्ह सुसकारत होता. मनगटाजवळ मोजपट्टीचा गार स्पर्श झाला... आणि बराच वेळ तसाच राहिला.

"मोजलंत?"

"हो... पुन्हा एकदा मोजतो."

"चुकलं होतं?"

"नाही. बरोबरच होतं."

तिनं डोळे उघडले नाहीत, पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

नवं, उंच आणि मागे वळलेलं हँडल डिसेंबरात बसलं. पण ब्रेक आणि क्लचच्या जुन्या केबल आता आखूड पडायला लागल्या. तेप्पेईनं लांब केबल मागवल्या, आणि कामच थांबलं. तरी सायोको येत राहिली. ती संत्री सोलायची, तो स्टोव्हवर रताळी भाजायचा, आणि दर रविवारी ती विचारायची, "केबल?"

"नाही हो अजून. एवढ्या बर्फात कशा येणार..."

फेब्रुवारीच्या शेवटी ती आली ती गप्पगप्पच. रताळं हातात तसंच निवत राहिलं.

"मला सापोरो शहरात बदली देतायत," ती शेवटी म्हणाली. "शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

तेप्पेई उठला, टायरांच्या मागून एक खोकं काढून तिच्यासमोर ठेवलं. मान वर न करताच म्हणाला, "मी खोटं बोललो. केबल जानेवारीतच आल्या होत्या."

"माहितीय. मी पोस्टात काम करते, तेप्पेईसान. या खोक्यावर शिक्का मीच मारला."

तो बघतच राहिला. "मग... बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"काम संपलं असतं," तो म्हणाला. "मग तुम्ही कशाला आला असता? सापोरोला जायचं असेल तर जा. गाडी आजच तयार करून देतो. पण मला तू... तुम्ही फार आवडता. ते न सांगता पाठवलं असतं, तर जन्मभर रुखरुख राहिली असती."

"पहिलं बोललास तेच बरोबर होतं."

"कोणतं?"

"तू."

दोघांनी मिळून केबल बसवल्या. त्याच्याकडून आटा काही बसेना. तिनं त्याच्या हातातून पाना घेतला आणि आवळून टाकला. मग ती गाडीवर बसली, हात पुढे केले. हँडलच्या मुठी आपणहून हातात आल्या. कळ आली नाही... डोळ्यांत पाणी तेवढं आलं.

शुक्रवारी तिनं साहेबांना नकार कळवला. संध्याकाळी बस पकडून तेप्पेईला ते सांगायला ती स्वतः गेली.

एप्रिलमध्ये रस्ता मोकळा झाला. शेतांच्या कडेला मळकं बर्फ अजून होतं. सायोको एकटीच नदीच्या पुलापर्यंत जाऊन आली. तेप्पेई फाटकाशी येरझारा घालत होता. त्याच्यासमोर तिनं गाडी थांबवली.

"बस मागे."

"मी? मागे?"

"हँडल माझ्या मापाचं आहे."

तो बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. कान लालबुंद झाले.

"कुठे धरू?"

"घट्ट," ती म्हणाली, आणि तिनं क्लच सोडला.