वरून की समोरून

दुकानातल्या मुलीने मिलिंद चिवट्यांचा रुमाल मागून घेतला, समोरून उघडणाऱ्या मशीनच्या गोल दारातून आत टाकला आणि दुकानाचा चहा येईपर्यंत सांगितलं, की काकांना नीट झोप लागत नाही आणि ते पाणी फार कमी पितात. इतक्या आदराने हे चिवट्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कौतुकाने बायकोकडे पाहिलं. सुजाताबाई शेजारच्या मशीनचं वरचं झाकण उघडून आत डोकावत होत्या.

"हे मी रोज सांगते," डोकं आतच ठेवून त्या म्हणाल्या. "तेव्हा ऐकू येत नाही."

सांगलीत एव्हाना धुण्याच्या मशीनच्या दोनच जाती उरल्या होत्या. वरून उघडणारं ते मुकं आणि समोरून उघडणारं ते वाचतं. माणसाच्या घामात त्याच्या तब्येतीची बरीचशी बातमी उतरते आणि कपडा ती धुणं होईपर्यंत इमानाने सांभाळतो. पहिल्या पाण्यातून ती बातमी टिपून घेणारी एक चकती गोल दाराच्या रबरामागे बसवलेली असे. कंपनीने या प्रकाराला घर्मवाचन असं भारदस्त नाव दिलं होतं. लोक त्याला 'घाम बघणं' म्हणत आणि लग्न जमवताना मुलाचं मशीन कुठलं, हेही हळूच विचारून घेत.

चिवटे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं पाणी मोजलेला माणूस. त्यामुळे हीच चकती वरच्या मशीनला का बसवत नाहीत, असं त्यांनी विचारलंच.

"वरच्यात कपडे पोहतात, काका," मुलगी म्हणाली. "पिंपभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकल्यावर चव कशी लागणार? समोरच्यात पाणी थोडं, कपडे नुसते वरून खाली आपटतात. शिवाय दार एकदा लागलं की मध्येच काही टाकता येत नाही."

"मध्येच टाकता येत नाही?" सुजाताबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांच्या मते संसार म्हणजेच पाणी भरल्यावर सापडलेला एक मोजा होता, आणि ज्या मशीनला हे कळत नाही त्याला घाम तरी काय कळणार.

वाद दुकानात मिटला नाही. शेवटी कंपनीच्या रीतीप्रमाणे नवं मशीन महिनाभर वापरायला घरी आलं. महिना संपला की त्यांचा माणूस येणार आणि दोन्हींपैकी नको असेल ते घेऊन जाणार. ड्राय बाल्कनीत जुनं वरून उघडणारं आणि नवं समोरून उघडणारं अशी दोन्ही मशीनं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्यांच्या पुढून कपडे वाळत घालायला जायचं तर अंग तिरकं करावं लागे. चिवट्यांना तिरकं होणं पोटामुळे जमत नसे, म्हणून वाळत घालणं सुजाताबाईंकडेच राहिलं.

नव्या मशीनला प्रत्येक कपडा कुणाचा ते आधी दाखवावं लागे. चिवट्यांनी एक अख्खी दुपार त्याच्या डोळ्यासमोर शर्ट, पायजमे, बंड्या धरल्या आणि "मी, मी, मी" म्हणत राहिले. नाव छापलेला कपडा असेल तर मशीन ते स्वतःच वाचून घेई, ही त्याची हुशारी. न दाखवलेला, बिननावाचा कपडा ते नुसताच धुई. ज्याचा कपडा, त्याच्याच फोनवर त्याची बातमी जाई, हा त्याचा सभ्यपणा. चिवट्यांनी त्यात स्वतःचा, बायकोचा आणि रॉटरडॅमला नोकरी करणाऱ्या अद्वैतचाही नंबर घालून ठेवला. घरात माणसं किती, या प्रश्नाला त्यांच्या हातून अजून तीन असंच उत्तर जाई.

सुजाताबाईंनी आपली बादली वेगळी ठेवली आणि जुन्याच मशीनमध्ये धुणं चालू ठेवलं. पण एका सकाळी त्या भिशीला गेल्या असताना चिवट्यांनी ती बादली उत्साहाने नव्यात रिकामी केली आणि पुढे रोज तसंच करायचं ठरवून टाकलं. सुजाताबाई परत आल्यावर काचेपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या. दार उघडतं का, म्हणून त्यांनी विचारलं. उघडत नाही, हे चिवट्यांनी अभिमानाने सांगितलं.

महिना संपत आला तेव्हा अद्वैतचा फोन आला.

"बाबा, तुझ्या मशीनने मला मेंदूच्या डॉक्टरकडे जायला सांगितलंय."

तो हसत होता. कंपवाताच्या सुरुवातीला घामाला जो वास येतो, आपल्या नाकाला कळत नाही असा, तो म्हणे त्याच्या घामाला येत होता. आणि तो तर मागच्या गणपतीनंतर सांगलीला आलेलाच नव्हता. कॉलेजच्या कबड्डी संघाचा अकरा नंबरचा टी-शर्ट, पाठीवर नाव छापलेला. तो तिथे कोण घालतंय?

"अरे, तुझे सगळे टी-शर्ट मीच घालतो," चिवटे म्हणाले. त्यांच्या घरात मुलाचे जुने टी-शर्ट आधी बापाकडे आणि मग फरशी पुसायला जात, आणि या मधल्या मुक्कामाचा चिवट्यांना अभिमान होता. वाक्य पुरं झाल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला. पलीकडे अद्वैतचं हसणंही थांबलं होतं.

त्यानंतरचे काही दिवस चिवटे स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. चहाचा कप उचलून धरायचा आणि साय हलते का ते पाहायचं. साय प्रत्येक वेळी हलली. सुजाताबाईंनी मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली, बरोबर गेल्या, बाहेर बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरांनी चिवट्यांना चालवलं, बोटं जुळवायला लावली, तपासण्या केल्या आणि सांगितलं की यांना काहीही झालेलं नाही, फक्त वजन कमी करावं.

घरी येईपर्यंत चिवट्यांची भीती गेली होती आणि तिच्या जागी संताप आला होता. धडधाकट माणसाला घाबरवणारं यंत्र! उद्या त्यांचा माणूस आला की हे डबडं पहिलं बाहेर. तू म्हणत होतीस तेच बरोबर, वरचंच ठेवू, असं ते एकदा नव्हे, दोनदा म्हणाले. चिवट्यांच्या घरात हे वाक्य पूर्वी ऐकलं गेल्याची आठवण कुणाला नव्हती.

सुजाताबाईंना हवं होतं ते मिळालं होतं. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं.

"मशीनचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तो अकरा नंबरचा तुम्ही कधी घातलाय? तुमच्या पोटावरून खाली तरी येईल का तो?"

चिवट्यांनी विचार केला. तो टी-शर्ट त्यांना आठवत होता, पण अंगावर नव्हे. सकाळी, ओट्यापाशी, पाठमोरा.

"तू घालतेस," ते म्हणाले. मग समजुतीच्या सुरात, "अद्वैतची आठवण येते म्हणून."

"आठवण येतेच. पण गाऊनची बटणं लागत नाहीत म्हणून घालते. डावा हात ऐकत नाही." त्यांनी पिशवीतून डॉक्टरांचं कार्ड काढलं. "सोमवारची माझी वेळ घेऊन आलेय."

केव्हापासून, हे विचारायला चिवट्यांनी तोंड उघडलं आणि दुसरंच विचारलं. फोन आला तेव्हाच का नाही बोललीस?

"तुमचं काय निघतंय ते आधी कळू दे म्हटलं. दोघांचं एकदम नको."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस ढकलगाडी घेऊन आला आणि कुठलं न्यायचं, असं त्याने विचारलं. चिवट्यांनी गोल दाराकडे बोट केलं. सुजाताबाईंनी त्यांचा हात खाली केला.

"वरचं न्या," त्या म्हणाल्या. पाणी पिऊन जड झालेल्या चादरी वरून खेचून काढणं आता जमत नव्हतं. समोरच्याला स्टूलवर बसून एकेक कपडा ओढता येत होता. महिनाभर वाद घातला तो घामावरून, आणि निकाल लागला स्टूलवर.

माणूस जुनं मशीन घेऊन गेला. त्याच्या जागी फरशीवर एक चौकोन, दोन मोजे आणि अद्वैतच्या शाळेचा बिल्ला निघाला. सुजाताबाई स्टूलवर बसल्या आणि त्यांनी मशीनला तो टी-शर्ट पुन्हा दाखवला, या वेळी स्वतःच्या नावाने.

"माझं आता माझ्याच फोनवर येईल," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाही, त्याच्याही नाही. त्याला मी सोमवारनंतर सांगेन."

"मग मला कसं कळणार?"

"विचारायचं."

दार लागलं. थोडंसं पाणी आत आलं, आणि काचेमागे अकरा नंबर वर जाऊन खाली पडू लागला. चिवटे शेजारी फरशीवरच बसले. त्या चौकोनात आता जागा होती. ज्या घामाशेजारी ते लग्नापासून झोपत आले होते, त्यातली बातमी काचेपलीकडची एक चकती मुकाट्याने वाचत होती, आणि ते कितीही डोळे ताणून बघत असले तरी त्यांना दिसत होता तो फक्त फेस. विचारायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची, याचा त्यांना सराव नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"आज सकाळी," त्यांनी विचारलं, "कुठलं बटण अडलं?"