बाहीवरचं फूल

मुलांनो, एक जुना फोटो डोळ्यांसमोर आणा. काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेला. जाड लोकरी कोट घातलेला एक मिशाळ शिपाई ताठ उभा आहे. आता त्याच्या डाव्या बाहीकडे पाहा. तिथे आठ पाकळ्यांचं एक फूल आहे. कुठल्याच पलटणीच्या बिल्ल्यांत असं फूल सापडत नाही, म्हणून खडकओढा गावाने त्याचं नाव ठेवलं ‘वीरचिन्ह’. गावाच्या कमानीवर तेच फूल, शाळेच्या गणवेशावर तेच. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पूर्वजांचे असे फोटो गावात अकरा घरी होते आणि दसऱ्याला तलवारींसोबत त्यांनाही झेंडू वाहिला जाई.

त्यातला एक फोटो तेजलच्या घरचा. फोटोतले गणपतराव तिचे खापरपणजोबा. तेजलचे वडील, आबा मोहिते, गावचे सरपंच.

त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर काळी शिळा आडवी ठेवली होती. पाथरवट छिन्नीला धार लावत होता. वीरचिन्ह ज्यांच्या बाहीवर आहे त्यांचीच नावं स्मारकावर कोरायची, असं ठरलं होतं. फूल कोणत्या पराक्रमाचं, एवढंच सांगायला शाळेतलं ‘छटावाचक’ यंत्र आणलं होतं.

तेवढ्यात पारूआजी आली. पूर्वी गावाने ज्यांना ओढ्यापलीकडे ठेवलं होतं, त्या वस्तीतली. सोबत नात करुणा, तेजलच्या वर्गातली.

“सरपंच, आमचा आजेसासरा भिवा बी लढाईला गेलता. त्याचं नाव घाला.”

“फोटो आहे का, आजी?”

“पोटाला न्हवतं, फोटू कुठला?”

“मग कसं व्हायचं? उद्या कुणीही उठेल, माझा आजा सेनापती होता म्हणेल!”

माणसं हसली. करुणा खाली बघत राहिली. तेजलला हसू आलं नाही. तिने फोटो यंत्रात सरकवायला सुरुवात केली.

जुन्या फोटोत रंग नसतात, पण प्रत्येक धाग्याची करडी छटा वेगळी असते. छटावाचकाला लाखो कापडांच्या छटा शिकवलेल्या. एकच वस्तू चार फोटोंत चार बाजूंनी दिसली, तर तो त्या जोडून वस्तू प्रकाशात अख्खी उभी करतो.

अकरावा फोटो आत गेला. अकरा कोट दिसायला हवे होते. हवेत एकच उभा राहिला.

“अडकलं वाटतं मशीन,” कुणीतरी म्हणालं.

यंत्र शांतपणे बोललं, “सर्व फोटोंत कोट एकच आहे. मागचा पडदाही एकच. कोट फोटो-स्टुडिओतला असावा. बाहीवर बिल्ला नाही, ठिगळ आहे. गोधडीच्या धाग्याने शिवलेलं. त्याच्या कडेखालून गोल भोक डोकावतंय, कडा करपलेल्या. बंदुकीच्या गोळीचं.”

जो तो आपला फोटो उचलून बाही निरखू लागला. खरं तर यात लाजण्यासारखं काही नव्हतं. नोकरी संपली की गणवेश परत करावा लागे, आणि घरच्यांना तर शिपायाचा फोटो हवा असे. सगळे खरोखरच लढून आले होते. पण दंडात गोळी त्यांच्यापैकी कुणालाही लागली नव्हती.

“भिवाचा डावा हात वर हुत न्हवता मरस्तवर,” पारूआजी म्हणाली. “भोक पडल्याला कोट सरकारनं परत घेतला न्हाई, माज्या सासूच्या सासूनं ते भोक झाकलं. फुडं दुष्काळात कोट फोटूवाल्याला दिला, जोंधळ्यापायी. करुणे, पळ, गोधडी आण.”

करुणा धावत जाऊन गोधडी घेऊन आली. तिच्या कोपऱ्यात आठ पाकळ्यांचं फूल होतं. त्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक गोधडीत तेच घालत आल्या होत्या. तेजलने कोपरा यंत्राखाली धरला.

“फूल तेच,” यंत्र म्हणालं. “टाक्यांची ठेवणही तीच.”

“गोधड्या काय, सगळीकडेच शिवतात!” आबांचा आवाज चढला. “यंत्र चुकतं. तेजल, बंद कर ते.”

“आबा, तुम्हीच तर ते मागवलं...”

“बंद कर म्हटलं ना!”

तिने बंद केलं. कोट विझला. जो तो आपापला फोटो काखेत मारून घराकडे वळला. यंत्र बिघडलंय, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता आणि दुसराही लगेच मान हलवत होता.

तेजल मात्र गणपतरावांचा फोटो घेऊन पारूआजीकडे गेली. “हा कोट तुमचा आहे.”

म्हातारीने फोटो मांडीवर घेतला. गणपतरावांच्या चेहऱ्यावर तळवा ठेवून तो झाकला आणि उरलेल्या कोटाकडे बराच वेळ पाहिलं. मग फोटो परत केला.

“घरी न्हे. भित्तीला लाव. तोंड तुमचंच हाय.”

पाठीमागून आबा पाथरवटाला म्हणाले, “ठरलेली अकरा. पहिलं गणपतराव मोहिते. चल, उरक.”

पाथरवट छिन्नी घेऊन उठला. पण त्याच्या आधी तेजल शिळेवर चढली आणि जिथे पहिलं नाव यायचं होतं, नेमकी तिथेच मांडी घालून बसली.

“सरपंच,” पाथरवटाने विचारलं, “पोरीला उठवताय, का मी घरी जाऊ?”

तेजलने करुणेला हाक मारली आणि तिला शेजारी बसायला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली.