सर्वांत उंच काठी आणि मुकी तळवाडी

चाळीस किलोमीटर लांबच्या तालुक्याच्या गावी कस्तुरीचा आवाज ठणठणीत ऐकू जात होता. आणि डोंगराच्या पायथ्याला, वरून खडा सोडला तर कौलावर टण्णकन वाजेल अशा तळवाडीला? काही म्हणजे काही नाही!

"तळवाडी, तळवाडी! वहिनी, बोल ना गं!" सुळक्यावर उभी राहून कस्तुरी हातातल्या रेडिओत ओरडली.

खर्रर्र.

खाली अंगणात वहिनीनं ताट उन्हात धरलं आणि दोनदा चमकवलं. त्यांचं ठरलंच होतं तसं. एकदा चमकलं तर ऐकू आलं, दोनदा चमकलं तर नाही.

"परत दोनदा," ढब्बू म्हणाला. ढब्बू म्हणजे ओझी वाहणारा चारपायी यंत्रमानव. डोंगरावरचं सगळं सामान त्यानंच चढवलं होतं. "माझा हिशेब चुकतोय, कस्तुरी. जवळचं आधी ऐकू यायला हवं. की लांबचं जवळ असतं?"

"मलाच कळत नाही, तुला काय सांगू?"

तिचं डोकं अगदी भंजाळून गेलं होतं. तळवाडी होती खोल घळीत. तिथून आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसे, त्यामुळे उपग्रहावर चालणारे फोन तिथं मुके. म्हणून तर सुळक्यावर हा रिपीटर (दुरून आलेलं क्षीण बोलणं पकडून तेच पुन्हा जोरात सांगणारं यंत्र) बसवला होता. वहिनीचे दिवस भरत आले होते. वेळ आली की रेडिओवरून हाक मारायची, मग तालुक्याहून उडती रुग्णवाहिका येणार. पण हाकच पोचली नाही तर?

त्यातून खरी गोम अशी की, अँटेना (रेडिओलहरी हवेत सोडणारी आणि हवेतून पकडणारी काठी) कस्तुरीनंच निवडून आणली होती! तालुक्याहून दोन आल्या होत्या, पहिली दोन माणसांएवढी उंच आणि दुसरी जेमतेम तिच्या खांद्याला लागणारी. आता या गावात चैत्राच्या जत्रेला वाड्यावाड्यांच्या देवकाठ्या नाचतात आणि ज्यांची काठी उंच त्यांचा मान पहिला. मग काय! ग्रामसभेत कस्तुरी जन्मात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आपली काठी सगळ्यांत उंच!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. जत्रेतल्या काठीचे मानकरी भिवाकाका तर तिला म्हणाले होते, "पोरी, आता तू पुढारी."

आता हेच भिवाकाका अँटेनाला बांधलेला हार सारखा करत म्हणाले, "यंत्रच बिघडलं असंल. काठीला नावं ठेवायची न्हाईत हां."

"यंत्राचा जोर वाढवू या का?" कस्तुरीनं विचारलं.

"वाढव की," अण्णाआजोबा म्हणाले. ते तिच्या आईचे काका. सगळं आयुष्य आकाशातल्या रेडिओलहरी ऐकण्यात गेलेलं. सध्या मात्र ते तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत बसले होते.

कस्तुरीनं जोर वाढवला. तालुक्याहून उत्तर आलं, "अगं बाई, हळू! कान फाटतील." खाली ताट चमकलं. दोनदा.

"बघा!" ती वैतागून मटकन खाली बसली. "उंच काठीचा लाभ (एखाद्या दिशेला मिळणारा जादा जोर) जास्त असतो, असं खोक्यावर लिहिलंय. मग हा जादा जोर येतो कुठून आणि जातो कुठं?"

आजोबांनी डेचकी पालथी घातली. "हा आपला डोंगर." तिच्या बुडावर त्यांनी पिठाचा उंडा ठेवला आणि त्यात काडी खोचली. "ही छोटी अँटेना. उंडा म्हणजे तिच्यातून निघणारा जोर. आता मोठी करून दाखव. पण पीठ नवीन घ्यायचं नाही!"

"नवीन न घेता मोठी कशी करू?" कस्तुरी गोंधळली. मग काडीभोवती तिनं उंडा थापायला घेतला. तो पसरत गेला, डेचकीच्या कडेबाहेर आला. ताजं पीठ लोंबू नये म्हणून ढब्बूनं खालून चुलीतल्या चार काटक्या धरल्या. "केवढा लांब गेला! पण पातळ झालाय."

"पीठ किती?"

"तेवढंच." ती थांबली. "म्हणजे उंच काठी नवीन जोर बनवत नाही? वरचा आणि खालचा जोर दाबून आडवा पसरवते?"

"अन् तळवाडी कुठाय?"

डेचकीच्या पायाशी एक मुंगी फिरत होती. भाकरी तिच्या डोक्यावरून आडवी गेली होती. मुंगीला कणही मिळाला नव्हता.

कस्तुरी टुणकन उठली. "आजोबा! आपला आवाज तळवाडीच्या डोक्यावरून जातोय! तालुका समोर आहे, त्याला मिळतो. पायथ्याला नाही. आणि त्याच कारणानं वहिनीचं बोलणंही अँटेना नीट पकडत नाही. जोर वाढवून काय उपयोग? छोटी लावायला हवी!"

"काढायची?" भिवाकाकांचा चेहरा पडला. "सगळ्या वाड्या हसतील गं. भाषण तूच केलंस ना?"

कस्तुरीचे कान तापले. पण ती मागे सरली नाही. "केलं होतं, काका. आता दुसरं करते, ऐका. जत्रेतली काठी लांबच्यांनी बघायची असते. ही आपल्या माणसांनी ऐकायची आहे."

भिवाकाकांनी खाली घळीकडे पाहिलं. अंगणातली वहिनी वरून ज्वारीच्या दाण्याएवढी दिसत होती. मग त्यांनी स्वतःच्या हातानं हार सोडला. "ढब्बू, धर रं खालून."

छोटी अँटेना चढली. तिच्याकडे बघून कस्तुरीला पुन्हा शंका आली. एवढीशी ही! तालुका तरी ऐकेल का? तिनं भीतभीतच बटण दाबलं.

"तालुका ऐकतोय," पलीकडून आलं. "आवाज जरा बारीक आहे, पण शब्द न् शब्द कळतोय."

"डोंगराची उंची आहेच की मदतीला," आजोबा पुटपुटले. "मध्ये काही आडवं येत नाही."

"तळवाडी? वहिनी?"

ताट चमकलं. एकदा! पुन्हा चमकतंय की काय? नाही चमकलं. रेडिओतूनच आवाज आला, "कस्तुरे, वरडू नगंस. बाळ दचकलं की पोटात!"

भिवाकाका एवढ्या मोठ्यानं हसले की ढब्बूनं आवाज मोजायला घेतला.

"अन् ही उंच काठी?" काकांनी हळूच विचारलं.

"ती सपाटीवरच्या शाळेच्या छपरावर लावू," कस्तुरी म्हणाली. "तिथं सगळी गावं एका पातळीत आहेत. तिथं हिचाच मान पहिला!"

भाकरी भाजून झाली, तेव्हा ढब्बू म्हणाला, "चंद्रावरच्या विवरात वस्ती होणार आहे म्हणे. तिथल्या कड्यावर रिपीटर बसवायचा झाला तर कोणती अँटेना? मोठी की छोटी?"

खाली तळवाडीच्या कौलांतून धूर निघत होता, त्याच्याकडे कस्तुरीनं पाहिलं.

"आधी सांग," ती म्हणाली, "तिथं माणसं राहणार कुठं?"